चार लाखांचा देश, सोळा लाखांचा जिल्हा

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची माणसं भरली १६ लाख १५ हजार. आइसलँड नावाचा अख्खा देश याच्या पाव हिश्शात मावतो. तिथे आज चार लाखांच्या आतबाहेर लोक राहतात. एकट्या रत्नागिरी तालुक्यातच तीन लाखांवर लोक आहेत, म्हणजे हा तालुका आणि शेजारच्या एखाद्याचा तुकडा धरला की झाला आइसलँड. या चार लाखांची भाषा त्या बेटाबाहेर कुठल्याही बाजारात चालत नाही. तरीही त्या भाषेत पूर्ण लांबीचे चित्रपट निघतात, थिएटरात लागतात, लोक तिकीट काढून पाहतात आणि त्यातले काही कान-बर्लिनपर्यंत जातात. हे ऐकलं की पहिला प्रश्न मनात येतो तो पैशाचा. एवढ्याशा लोकांकडून तिकिटांचे जमणार किती आणि सिनेमाला लागणार किती! गणित बसूच शकत नाही. आणि ते बसत नाहीच. ते सरकारी तिजोरीतून, फार विचारपूर्वक, बसवलं जातं.

मालगुंडात बसून हा विचार करायला एक कारण आहे. गणपतीपुळ्याला लागून असलेलं हे गाव सिनेमाचं नाही, कवितेचं. १८६६ साली इथे कृष्णाजी केशव दामले जन्मले. त्यांनाच आपण केशवसुत म्हणून ओळखतो. कोकण मराठी साहित्य परिषदेनं इथे त्यांचं स्मारक उभं केलं आहे आणि गणपतीला आलेल्या गाड्यांपैकी काही थोड्या इकडे वळतात. केशवसुत १९०५ साली हुबळीत प्लेगनं गेले. त्यांच्या हयातीत कवितांचं एकही पुस्तक निघालं नव्हतं. ते निघालं १९१७ साली, हरि नारायण आपट्यांच्या हातून. मधली बारा वर्षं त्या कविता मासिकांच्या अंकांत आणि वह्यांत पडून राहिल्या आणि त्यांचं काही बिघडलं नाही. कवितेचा खर्च म्हणजे कागद, शाई आणि कवीची झोप. ती वाट पाहू शकते.

सिनेमाला हे परवडत नाही. कागदावरचा सिनेमा हा सिनेमाच नसतो. तो व्हायला कॅमेरा लागतो, पन्नास-शंभर माणसांचा रोजचा पगार, जेवण, गाड्या, मग संकलन, ध्वनी, आणि एवढं झाल्यावर एखादा पडदा रिकामा असावा लागतो. यातलं एक जरी अडलं तरी तो कुणाच्या वहीत सापडत नाही. लहान भाषेत थोर कवी होऊ शकतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. लहान भाषेत थोर दिग्दर्शक व्हायचा तर आधी कुणीतरी, सिनेमा न पाहता, त्याच्यावर पैसे लावावे लागतात.

आइसलँडनं १९७८ साली कायदा करून चित्रपट निधी काढला तेव्हा तिथली लोकसंख्या सव्वादोन लाख होती. त्या निधीच्या पहिल्या काही चित्रपटांतला एक १९८०चा, ‘लँड अँड सन्स’, दिग्दर्शक आउगुस्त गुडमुंडसन. गोष्ट १९३०च्या दशकातली. दऱ्याखोऱ्यातला एक तरुण शेतकरी, बाप गेलेला, शेतावर कर्ज, आणि गावात जीव असूनही शेत विकून शहराकडे निघायचा निर्णय. कोकणातल्या वाचकाला यात नवीन काय वाटणार? आपल्याकडे घरटी एक चाकरमानी निघाला तो याच वाटेनं, आणि २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. पुढे १९९१ साली फ्रिद्रिक थोर फ्रिद्रिक्सन यांचा ‘चिल्ड्रन ऑफ नेचर’ आला. एक म्हातारा शेतकरी गाव सोडून रेक्याविकला मुलीकडे जातो, तिथे सगळ्यांनाच तो नकोसा, शेवटी वृद्धाश्रम. तिथे त्याला लहानपणची मैत्रीण भेटते आणि दोघं जीप पळवून आपल्या ओसाड पडलेल्या गावाकडे निघतात. हा सिनेमा ऑस्करच्या अंतिम पाचांत गेला. बंद घरं, कुलपं, गवतात हरवलेल्या पायवाटा हे सगळं त्यांच्या बेटावर आहे तसं आपल्या वाड्यांमध्येही आहे. फरक एवढाच की त्यांच्याकडे ही गोष्ट सांगायची म्हटल्यावर जायचं कुठे, कुठलं दार ठोठवायचं, हे ठरलेलं होतं.

ते दार आतून कसं असतं हे पाहायचं तर डेन्मार्ककडे जावं लागतं. तिथली लोकसंख्या आज साठ लाखांच्या घरात, म्हणजे मुंबई शहराच्या निम्म्यानं. टीव्ही आला आणि तिथली थिएटरं ओस पडू लागली, तेव्हा सिनेमा हा धंदा म्हणून आता चालणार नाही हे त्यांनी मान्य करून टाकलं. १९७२च्या कायद्यानं डॅनिश फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. नाट्यगृहं, ग्रंथालयं जशी सरकारी खर्चानं चालतात तसाच सिनेमाही चालेल, हे त्या कायद्याचं सार.

पण मला थक्क करतो तो त्यांचा सल्लागार. कुणाला पैसे द्यायचे हे ठरवायला त्यांनी दहा-पंधरा जणांची समिती नेमली नाही. चित्रपटक्षेत्रातलीच एकेक व्यक्ती ठरावीक मुदतीसाठी नेमली. ही व्यक्ती पटकथेचा कच्चा आराखडा वाचते, लेखकाला आणि दिग्दर्शकाला समोर बसवून तासन् तास बोलते, पटलं तर आधी लिहायला पैसे मिळवून देते, लिहून झाल्यावर पुन्हा वाचते आणि मग चित्रीकरणाच्या पैशाची शिफारस करते. निर्णय एकाच्या आवडीवर! आपल्याकडे कुणी असं सुचवलं तर वशिल्याच्या भीतीनंच लोक उठून जातील. त्यांचं म्हणणं उलटं आहे. समितीत सगळ्यांना चालेल असाच सिनेमा निवडला जातो आणि सगळ्यांना चालेल असा सिनेमा बहुधा कुणालाच फारसा आवडत नाही. एका माणसाची आवड तिरपी असेल, पण ती आवड असते. मुदत संपली की तो घरी जातो, त्याच्या जागी दुसऱ्या तिरप्या आवडीचा येतो, आणि आधीच्यानं नाकारलेला माणूस पुन्हा आपलं बाड घेऊन दारात उभा राहू शकतो.

याच्या बरोबरीनं १९८९ पासून त्यांनी दुसरं दारही उघडलं. निर्मात्यानं निम्मे पैसे स्वतः उभे केले तर उरलेले सरकार देईल, कलेची चिकित्सा न करता. म्हणजे गल्लाभरू सिनेमालाही मज्जाव नाही. आणि तिसरी गोष्ट कायद्यातच लिहिलेली: मदतीचा किमान चौथा हिस्सा मुलांच्या आणि किशोरांच्या सिनेमाला. ‘बॅबेट्स फीस्ट’ आणि ‘पेले द कॉन्करर’ हे डॅनिश चित्रपट लागोपाठच्या दोन वर्षांत ऑस्कर घेऊन आले, याची चर्चा खूप होते. मला मात्र त्या चौथ्या हिश्शाचं महत्त्व जास्त वाटतं. सातव्या वर्षी ज्यानं पडद्यावर आपल्या भाषेतलं पोर पाहिलं, तो सत्तावीसाव्या वर्षी तिकिटाच्या रांगेत उभा राहण्याची शक्यता असते, हा त्यांचा साधा हिशेब आहे.

आता कुणी म्हणेल, मराठी काय लहान भाषा आहे? २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख निघाले. डेन्मार्कच्या जवळजवळ चौदापट. खरंय. पण मराठी सिनेमाचं लहानपण माणसांच्या संख्येत नाही, ते घराच्या पत्त्यात आहे. हिंदी सिनेमाची राजधानी आपल्याच राजधानीत. तेच स्टुडिओ, तेच वितरक, तेच शुक्रवार आणि तेच पडदे. डेन्मार्कमध्येही हॉलिवूडचा पूर आहेच, पण तिथल्या प्रेक्षकाला खाली डॅनिश अक्षरं वाचत इंग्रजी सिनेमा पाहावा लागतो, आणि पडद्यावर आपली भाषा ऐकू आली की तो कान टवकारतो. मराठी माणसाला हिंदी सिनेमासाठी अक्षरं लागत नाहीत. त्याला तो जन्मतःच कळतो, गाणी पाठ असतात, नट घरचे वाटतात. इतका जवळचा प्रतिस्पर्धी जगात फार थोड्या भाषांच्या वाट्याला आला असेल.

आणि तरी या देशातली सिनेमाची सरकारी व्यवस्था आखण्यात एका कोकणी माणसाचा हात आहे, हे वाचलं तेव्हा मी उडालोच. १९४९ साली भारत सरकारनं चित्रपटउद्योगाची चौकशी करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष स. का. पाटील. सावंतवाडीकडचे, मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा. मराठी वाचकाला ते आठवतात संयुक्त महाराष्ट्राचे विरोधक म्हणून, नाहीतर १९६७ साली जॉर्ज फर्नांडिसांकडून हरले म्हणून. १९५१च्या त्यांच्या अहवालात मात्र सिनेमाला कर्ज देणारं महामंडळ हवं, सिनेमा शिकवणारी संस्था हवी, असं स्वच्छ लिहिलं होतं. १९६० साली दोन्ही झाल्या. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन मुंबईत आणि फिल्म इन्स्टिट्यूट पुण्यात, तीही कुठे, तर बंद पडलेल्या प्रभातच्या आवारात. एका मराठी कंपनीचा कारभार आटोपला आणि तिच्या फ्लोअरवर देशभरातली पोरं कॅमेरा धरायला शिकू लागली. अहवाल आणि या संस्था यांच्या मधल्या काळात राष्ट्रीय पारितोषिकं सुरू झाली आणि १९५४ साली पहिलं सुवर्णपदक गेलं ‘श्यामची आई’ला, म्हणजे आचार्य अत्र्यांना. हेच अत्रे पुढे दोन-तीन वर्षांत स. का. पाटलांवर रोज तोफा डागणार होते. सिनेमाच्या इतिहासात असे योगायोग कुणी पटकथेत घातले तर सल्लागार ते कापायला सांगेल.

केंद्र सरकारच्या त्या महामंडळानं एक गोष्ट डेन्मार्कच्या १९७२च्या कायद्याच्याही आधी केली: सिनेमा होण्याआधी पैसे दिले. बी. के. करंजिया अध्यक्ष असताना, १९६९च्या सुमारास, नवख्या दिग्दर्शकांना छोटी कर्जं मिळू लागली. मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’, मणि कौल यांचा ‘उसकी रोटी’ यातून आले. नवा सिनेमा म्हणून ज्याची आपण पारायणं करतो त्याचा बराचसा उगम या कर्जाच्या फायलींत आहे. पण कर्ज हे कर्ज असतं. ते फेडायला सिनेमा चालावा लागतो, चालायला लागावा लागतो, आणि हे सिनेमे लागेनात. पारितोषिकं घेऊन ते डब्यात जाऊन बसले. १९७६ साली संसदेच्या समितीनं महामंडळाला झापलं की लोकांना पाहायला मिळत नाहीत असले चित्रपट काय काढता. दोष काढण्यात समिती चुकली नव्हती, पण तिनं बोट दिग्दर्शकाकडे दाखवलं. दाखवायला हवं होतं पडद्याकडे. १९८० साली हे महामंडळ राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, एनएफडीसीत, विलीन झालं. पुढे ‘सलाम बॉम्बे’पासून ‘द लंचबॉक्स’पर्यंत बऱ्याच चित्रपटांत त्याचा पैसा लागला. गोव्यातल्या लक्ष्मीकांत शेटगावकरांचा ‘पलतडचो मुनिस’ हा कोंकणी चित्रपटही एनएफडीसीचाच. २००९ साली टोरांटोच्या महोत्सवात त्याला समीक्षकांचं पारितोषिक मिळालं. कोंकणी बोलणारे मराठीपेक्षा कितीतरी कमी, आणि सिनेमा टोरांटोत.

महाराष्ट्र सरकारनं वेगळी युक्ती काढली, आणि मला ती युक्ती म्हणून अजूनही देखणी वाटते. १९७५ची करपरतीची योजना. तेव्हाच्या एखाद्या तालुक्याच्या थिएटरची खिडकी डोळ्यांसमोर आणा. पंचवीस-तीस माणसं रांगेत, बाहेर चण्याफुटाण्यांची गाडी, आत मराठी सिनेमा लागलेला. प्रेक्षक जाळीतून नाणी सरकवतो, त्यातला बराच भाग थिएटरवाल्याचा नसतोच, तो असतो करमणूक कर. थिएटरवाला तो सरकारात भरतो. आता योजना अशी की त्या सिनेमामुळे जमलेला हा कर सरकार निर्मात्याला परत देणार, पण एका अटीवर: त्यानं पुढचा सिनेमा मराठीतच काढला पाहिजे. म्हणजे प्रेक्षकाच्या खिशातून निघालेलं नाणं मंत्रालयाला वळसा घालून पुन्हा मराठी सेटवर येणार. स्वीडननं १९६३ साली असंच काहीसं केलं होतं. तिकिटावरचा २५ टक्के करमणूक कर रद्द केला आणि त्याऐवजी १० टक्के वर्गणी थेट स्वीडिश फिल्म इन्स्टिट्यूटला द्यायला लावली.

दोन्हींत फरक मात्र एक होता आणि तोच महत्त्वाचा. स्वीडनचा पैसा एका भांड्यात जमून मग वाटला जाई, त्यात नवख्यालाही आशा होती. आपल्याकडे ज्याचा सिनेमा चालला त्याचाच कर त्याला परत. ज्याचा चालला नाही त्याला काय मिळणार, आणि ज्यानं अजून काढलाच नाही त्याला तर काहीच नाही. दादा कोंडक्यांसारख्या, एकामागून एक रौप्यमहोत्सव करणाऱ्या निर्मात्याला ही योजना म्हणजे पर्वणी. पुढच्या दशकात मराठीत विनोदी सिनेमाची जी रांग लागली, तिच्यामागे प्रेक्षकांची आवड होतीच, पण पैसा कुठून परत येतो याचाही हात असणार, असं मला वाटतं. पैसा ज्या वाटेनं येतो त्या वाटेसारखा सिनेमा होत जातो.

करपरती मागे पडली आणि अनुदान आलं. गेल्या दशकातली रीत अशी की सिनेमा पूर्ण करायचा, सेन्सॉर करून घ्यायचा, मग अर्ज. परीक्षण समिती सिनेमा पाहते, गुण देते, ‘अ’ दर्जा मिळाला तर ४० लाख, ‘ब’ मिळाला तर ३० लाख. उपकार मोठाच आहे. किती निर्मात्यांचं घर यामुळे गहाण पडता पडता वाचलं असेल. पण ही मदत म्हणजे परीक्षा पास झाल्यावर पुस्तकांचे पैसे हातात ठेवण्यासारखी. पुस्तकंच घेता न आल्यामुळे जो परीक्षेला बसला नाही, त्याचा या खात्यात पत्ताच नसतो. अनुदानाचा विचार करून बेतलेले सिनेमेही निघतात, ही कुजबुज तर चित्रपटक्षेत्रात जुनीच आहे.

आणि पडदा? २०१५ साली सरकारनं मल्टिप्लेक्सना सांगितलं, मराठी सिनेमाला संध्याकाळचे प्राइम टाइमचे खेळ द्या. त्यावर समाजमाध्यमांत जो गदारोळ झाला तो वाचकांना आठवत असेल. शेवटी प्राइम टाइमची व्याख्याच ताणून दुपारी बारापासून रात्री नऊपर्यंत नेण्यात आली. दुपारी बाराला मल्टिप्लेक्समध्ये कोण जातं हे विचारू नये. दोन वर्षांनी जीएसटी आला आणि मराठी सिनेमाला असलेली करमणूक करातली माफीही त्यात विरघळली. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला सुरुवातीला २८ टक्के, मराठी असो की हॉलिवूड. मालगुंडच्या माणसाला तर हा प्रश्न आणखी लांबचा. त्याला सिनेमा पाहायचा तर आरे-वारेच्या घाटीनं रत्नागिरी गाठायची, आणि तिथे पोचेपर्यंत मराठी सिनेमा उतरलेला असण्याचीच शक्यता जास्त.

एवढं सगळं असून कोकणानं मराठी सिनेमाला काय दिलं ते पाहावं. ‘श्यामची आई’चे साने गुरुजी दापोलीजवळच्या पालगडचे. त्या चित्रपटानंतर राष्ट्रीय सुवर्णकमळ मराठीत यायला पन्नास वर्षं लागली, आणि आणलं ते संदीप सावंत यांच्या ‘श्वास’नं. कोकणातला आजोबा, डोळ्याचा कर्करोग झालेला नातू, आणि शस्त्रक्रियेनं दृष्टी जाण्याआधी नातवाला जग दाखवून घ्यायची आजोबाची धडपड. हा सिनेमा ऑस्करला भारताचा अधिकृत चित्रपट म्हणून निवडला गेला तेव्हा अमेरिकेत त्याचा प्रचार करायला पैसे नव्हते. मग सामान्य लोकांनी, शाळकरी मुलांनी वर्गण्या काढल्या, सरकारांनी भर घातली. मला ही गोष्ट सांगताना अभिमान वाटतो आणि थोडी लाजही. डेन्मार्कच्या इन्स्टिट्यूटमध्ये परदेशात सिनेमा नेणं हे रोजच्या कामाचा भाग असतं, मुलांना त्यासाठी डबे घेऊन फिरावं लागत नाही.

मग २०१४चा ‘किल्ला’. बाप गेलेला अकरा वर्षांचा चिन्मय आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणातल्या छोट्या गावात येतो. गुहागरच्या आसपास चित्रित झालेला, आणि त्याचे दिग्दर्शक अविनाश अरुण हे पुण्याच्या त्याच संस्थेत, प्रभातच्या आवारात, कॅमेरा शिकलेले. गोव्यात एनएफडीसी जो फिल्म बाजार भरवते तिथे अर्धवट तयार सिनेमे जाणत्यांना दाखवून त्यांवर चर्चा करायची सोय आहे. ‘किल्ला’ त्यातून गेला. बर्लिनमध्ये त्याला क्रिस्टल बेअर मिळालं आणि ते देणारे परीक्षक होते खुद्द मुलं. जर्मन पोरांनी गुहागरच्या पावसाला पसंती दिली! या तिन्ही सिनेमांच्या मध्यभागी एकेक मूल आहे हे लक्षात आलं का? डेन्मार्कनं चौथा हिस्सा कायद्यानं राखला, आपल्याकडे तो कुणी न सांगता आपसूक पडला. मुलांसाठीची सरकारी संस्था आपल्याकडेही १९५५पासून होती. २०२२ साली ती, फिल्म्स डिव्हिजन आणि पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय हे सगळं एनएफडीसीत मिसळून टाकलं गेलं.

त्या संग्रहालयाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. १९६४ साली पुण्यात ते सुरू झालं आणि पी. के. नायर नावाच्या माणसानं आयुष्य त्यात घातलं. मूकपटांच्या काळातली फिल्म नायट्रेटची. ती आपोआप पेट घेई, चिकट होई, तिची भुकटी होई. शिवाय तिच्यात चांदी. सिनेमा जुना झाला की तो वितळवून चांदी काढणं हा रीतसर धंदा होता. हजारावर मूकपट भारतात निघाले, त्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. फाळक्यांचा १९१९चा ‘कालिया मर्दन’ नायरांच्या हाती आला तो सुट्या तुकड्यांत. कुठला तुकडा आधी, कुठला नंतर? त्यांनी फाळक्यांच्याच टिपणांचा आधार घेतला आणि एकेक दृश्य त्यांनी लिहिलेल्या क्रमानं लावत सिनेमा पुन्हा उभा केला. आज तो पाहताना सुरुवातीला फाळक्यांची मुलगी मंदाकिनी दिसते. ही मुलगी चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखवते, जणू सांगते की मीच आहे, आणि मग कृष्ण होते. शंभर वर्षांपूर्वीचं ते पोरगं आपल्याकडे बघतं. इथे हरि नारायण आपट्यांचं काम नायरांनी केलं. फक्त आपट्यांना जळणाऱ्या वह्यांशी झुंजावं लागलं नव्हतं. जानेवारी २००३मध्ये संग्रहालयाच्या नायट्रेट कोठाराला आग लागली आणि जुन्या रिळांचे कित्येक डबे गेलेच.

एक गंमत सांगायची राहिली. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’, ज्याला २०१४ साली व्हेनिसमध्ये दोन पारितोषिकं मिळाली आणि जो भारतानं ऑस्करला पाठवला, त्याला सुरुवातीच्या टप्प्यात हात दिला तो रॉटरडॅमच्या ह्युबर्ट बाल्स फंडानं. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’लाही याच निधीची मदत होती. म्हणजे मुंबईतल्या सत्र न्यायालयाची आणि विदर्भातल्या कर्जबाजारी शेतकऱ्याची मराठी गोष्ट कागदावर असताना, तिच्यावर आधी विश्वास टाकणाऱ्यांत नेदरलँड्समधले लोक होते. सुमारे एक कोटी ऐंशी लाखांचा देश. सिनेमा होण्याआधी पैसे देण्याची सवय त्यांना आहे, आणि ती सवय इतकी मुरलेली की परक्या भाषेलाही ते तीच लावतात.

आता एक साधा हिशेब. ‘अ’ दर्जाच्या एका सिनेमाचं अनुदान ४० लाख धरू. त्यातून चार-चार लाख देऊन दहा जणांना वर्षभर नुसतं लिहायला बसवता येतं. गुहागरच्या शाळेतला एखादा मास्तर, नांदेडची एखादी पत्रकार, जयगडच्या बंदरावर काम करणारा एखादा पोरगा. त्यातल्या सातांचं काहीच होणार नाही, दोघांचं बरं होईल, एखाद्याचा सिनेमा निघेल. डेन्मार्कमध्येही प्रमाण याहून फार चांगलं नसावं, पण ते सात वाया गेले असं तिथे कुणी म्हणत नाही. निवडायला समिती नकोच. तीन वर्षांसाठी एकच माणूस, स्वतः दोन-चार सिनेमे केलेला, शक्यतो मुंबई-पुण्याबाहेरचा, त्यानं जिल्ह्याजिल्ह्यांत फिरावं आणि बाडं वाचावीत. त्याच्या नावानं दर आठवड्याला वर्तमानपत्रात पत्रं येतील, कुणीतरी माहितीच्या अधिकारात त्याच्या चहाचा हिशेब मागेल, विधानसभेत तारांकित प्रश्नही विचारला जाईल. येऊ देत. चौथ्या वर्षी दुसरा नेमायचा.